शिबाक्काची लाल भाकर

फार वर्षांपूर्वी, बोरखडीला अजून सडक पोचली नव्हती आणि तालुक्याच्या चर्चचे पाळकसाहेब तट्टावर बसून चार-सहा महिन्यांतून एकदा गावात यायचे, तेव्हाची ही गोष्ट. ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली ते सगळे आता देवळामागच्या कबरस्तानात निजलेत. ऐकणारे तेवढे उरलेत. तेव्हा बाळांनो, पुढं सरका, म्हाताऱ्यांनो, कानामागं हात धरा, आणि पटेल तेवढी घ्या.

बोरखडीत ख्रिस्ती मंडळीची घरं थोडी. ओढ्याच्या अलीकडं, एकमेकांना खेटून उभी असलेली. मधोमध मातीच्या भिंतींचं देऊळ, दारात लिंबाचं झाड, झाडाला आगगाडीच्या रुळाचा तुकडा टांगलेला. तो ठणाणा वाजला की उपासना. या वस्तीत एक बाई राहायची. तिचं नाव अलीशिबा. एवढं लांब नाव हाकेला कुणाला परवडतं? लहानथोर सगळे शिबाक्का म्हणायचे.

ती कुठून आली ते कुणाला धड ठाऊक नव्हतं. एका उन्हाळ्यात डोक्यावर थोरला लोखंडी तवा घेऊन आली, असं म्हणतात. कुणी म्हणे नवरा प्लेगात गेला, कुणी म्हणे नवऱ्यानंच टाकली. माहेर विचारलं तर नुसती हसायची. आणि गावाचं एक असतं. ज्या बाईचं माहेर कळत नाही, तिच्याबद्दलचं बाकी सगळं गावाला आपोआप कळायला लागतं.

मंडळीनं तिला एक काम दिलं होतं. पाळकसाहेब येणार असा निरोप आला, की प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून खायची, भाकर तिनं करायची. आदल्या शनिवारी ती गाडगं घेऊन निघायची. गाडग्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं, फडक्याला हात जाईल एवढंच भोक. प्रत्येक घरानं मूठभर शाळूचं पीठ आत सोडायचं. कुणी भरली मूठ सोडली, कुणी अर्धी, कुणी नुसताच हात आत घालून बाहेर काढला, ते गाडग्याला ठाऊक. त्या सगळ्या पिठाची एकच थोरली भाकर शिबाक्का थापायची, आणि रविवारी पाळकसाहेब ती मोडून सगळ्यांना द्यायचे. सोबत काळ्या मनुका भिजवून, कुस्करून केलेला रस.

इथवर ठीक होतं. पण शिबाक्काची एक खोड होती. पीठ घेण्याआधी ती दारात उभी राहून विचारायची, "उंबऱ्यात काही अडलंय का?"

म्हणजे घरात कुणाचं कुणाशी वाकडं आहे का? बोलणं बंद आहे का? नसेल तर मूठ घेऊन पुढं. असेल, तर ती पीठ घ्यायची नाही. गाडगं मांडीवर घेऊन तिथंच उंबऱ्यावर बसायची. काही बोलायची नाही. समजूत घालणं नाही, वचन सांगणं नाही, डोळे मिटून प्रार्थना नाही. नुसती बसायची. बाईमाणसाला ओलांडून जायचं कसं? आतली माणसं आत अडकायची, बाहेरची बाहेर. शेवटी कंटाळून, चिडून, नाही तर भूक लागली म्हणून का होईना, घरातली माणसं एकमेकांशी बोलायची. मग कुणीतरी तिला तांब्याभर पाणी आणून द्यायचं. ती प्यायची, मूठ घ्यायची आणि उठायची.

तिच्या बसण्यानं सासू-सुनांच्या चुली पुन्हा एक झाल्या, असं म्हणतात. रागानं माहेरी गेलेली सून परत आली, असंही म्हणतात. पण उंबऱ्यावर बसणं काही चांगलं नव्हे, हेही म्हणणारे होते. आणि ही बाई प्रत्येक घरातलं वाकडं हेरून ठेवते ती कशासाठी, असं विचारणारा तर एकजण होताच.

त्याचं नाव शांतवन. मंडळीचा पंच. नाव शांतवन, पण जिवाला शांती म्हणून नाही. माणूस कष्टाळू होता, उपासना चुकवत नव्हता, दानाला हात आखडत नव्हता. फक्त त्याला कुणाचा भरवसा नव्हता. सलाम केला तर, आज का केला? नाही केला तर, का नाही केला? बायको सगुणा म्हणायची, "धन्याच्या ताकात केस निघाला, तर ह्यो म्हशीला विचारंल, कुनी टाकला म्हनून." सगळी वस्ती हसायची. शांतवन हसायचा नाही.

पण त्याच्या संशयाला एक मूळ होतं, आणि ते खोल होतं.

शांतवनाला एक धाकटा भाऊ, याकोब. बापानं दोघांना शेत वाटून दिलं आणि बांधावरची विहीर दोघांत ठेवली. पाणी गोड, बारमाही. बाप गेला, आणि पुढच्याच उन्हाळ्यात त्या विहिरीचं पाणी खारावलं. एकाएकी. डाळ शिजेना, साबणाला फेस येईना, भाजीची रोपं करपली. शांतवनानं काठावर उभं राहून घोटभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं, आणि त्याच्या मनानं घेतलं ते घेतलंच. याकोबानंच खार टाकला. मला इथून उठवायला. बापानं विहीर एकट्या त्याला दिली नाही म्हणून.

तो तोंडावर म्हणाला. याकोब म्हणाला, "मी न्हाई टाकला." शांतवन म्हणाला, "टाकनारा असंच म्हनतो." त्या दिवसापासून दोघं बोलले नाहीत. शांतवनानं आपल्या रानात वर दुसरी विहीर पाडली. तिला गोड पाणी लागलं. याकोबाजवळ तेवढं बळ नव्हतं. तो, त्याची बायको दीना आणि पोरं तेच खारं पाणी पीत राहिली. खाऱ्या पाण्यावर रानही पिकेना. दीनाच्या हाताची कातडी कायम उललेली असायची, ती पदराखाली लपवायची.

शांतवनानं वस्तीत सगळ्यांना सांगितलं. पण वस्ती हो म्हणेना आणि नाहीही म्हणेना. हेच त्याचं दुखणं होतं. एकदा, फक्त एकदा सगळ्यांनी म्हणावं, "शांतवन, तुझंच खरं." त्यासाठी तो जळत होता.

त्यामुळं प्रत्येक प्रभुभोजनाच्या आधी शिबाक्का त्याच्या उंबऱ्यावर येऊन अडायची. ती विचारायची, "भाऊ, उंबऱ्यात काही अडलंय का?"

"काही न्हाई. घे पीठ आन् जा."

शिबाक्का बसायची. ऊन उतरायचं. मग सगुणाच कळवळून म्हणायची, "आक्का, ऊठ गं, त्यांचं काही न्हाई वितळायचं." शिबाक्का उठायची आणि पंचाच्या घरची मूठ न घेताच पुढं जायची. पंचाच्या घराशिवायच भाकर व्हायची. रविवारी ती भाकर खाताना शांतवनाला वाटायचं, सगळ्यांना ठाऊक आहे. सगळे आपल्याकडंच बघताहेत.

आणि त्यानं एक गोष्ट हेरून ठेवली होती. त्याच्या उंबऱ्यावरून उठली की ती सरळ याकोबाच्या घरी जायची. तिथं ती उंबऱ्यावर बसत नव्हती, आत जायची. बराच वेळ आत असायची. का? तिथं काही अडलेलं नव्हतं होय? शांतवनाला ठाऊक होतं की याकोबाच्या घरात माणसं अर्धपोटी असतात. मग ती काय द्यायला जाते? दुसऱ्यांच्या मुठीतलं पीठ तिथं ओतून येत असेल. प्रभूच्या नावानं गोळा करायचं आणि चोराच्या चुलीला लावायचं. उद्या हेच दोघं मिळून पंचाविरुद्ध मंडळी उठवतील. एका संशयाला दुसरा फुटला, दुसऱ्याला तिसरा. संशयाला खतपाणी घालायला शांतवनाला दुसरं कुणी लागत नव्हतं, तो स्वतःच घालायचा.

मग एकदा पाळकसाहेबांचा निरोप आला, आणि शांतवनानं ठरवलं की या खेपेला चोर धरायचाच.

शनिवारी सकाळी सगुणा ओढ्यावर धुणं घेऊन गेल्यावर त्यानं पिठाच्या डेऱ्यातून मूठभर शाळूचं पीठ काढलं. हळदीचा डबा काढला. थोडी टाकली तर कळायची नाही, म्हणून त्यानं पीठ आणि हळद अगदी निम्मी निम्मी केली आणि चांगली चोळली. आता हे पीठ गाडग्यात गेलं की झालं. रविवारी भाकर पिवळी निघाली, तर बाई स्वच्छ. पांढरी निघाली, तर पीठ कुठं गेलं ते याकोबाच्या चुलीपाशी जाऊन बघायचं. पंचाच्या डोक्यातून निघालेली अक्कल होती, स्वस्त नव्हती.

हात मात्र पिवळेधमक झाले. ते धुवायला त्यानं सगुणाचा कपड्यांचा सोडा घेतला. सोडा लागला आणि हात लालभडक झाले. शांतवन दचकला. मग आठवलं, हळदीला खार लागला की असंच होतं, कुंकू तर असंच करतात. त्यानं राखेनं घासघासून हात धुतले, पण नखांच्या कडा तांबड्याच राहिल्या. सगुणा आल्यावर म्हणाली, "बोटं कशानं रंगली?"

"कशानं न्हाई."

"आन् हळदीचा डबा अर्धा कसा?"

"उंदरानं नेली आसंल," शांतवन म्हणाला. सगुणानं त्याच्याकडं बघितलं आणि डबा उचलून फळीवर ठेवला.

दुपारी शिबाक्का आली. "भाऊ, उंबऱ्यात काही अडलंय का?"

शांतवन या खेपेला गोड हसला. "न्हाई आक्का. याकोबाचं आन् माझं मिटलं. मनातनं मी मिटवलं. घे मूठ."

शिबाक्कानं त्याच्या तोंडाकडं बघितलं, मग नखांकडं बघितलं, असं म्हणतात. बसली नाही. गाडगं पुढं केलं. शांतवनाची बंद मूठ फडक्याच्या भोकातून आत गेली आणि रिकामी होऊन बाहेर आली. प्रभूच्या भाकरीत खोटं घालून तो उंबऱ्यावर उभा राहिला आणि ती कुठं जाते ते बघत राहिला. ती याकोबाच्या घरात शिरली. बऱ्याच वेळानं बाहेर आली. कडेवर गाडगं होतं आणि डोक्यावर पाण्याचा हंडा होता.

पाणी कशाला? शांतवनाला ते कळेना. आणि जे कळत नाही ते त्याला चांगलं कधी वाटत नसे.

रविवारी रूळ वाजला. बायका डाव्या अंगाला, पुरुष उजव्या अंगाला, पोरं पुढं. मेजावर पांढरं धुतलेलं कापड, त्याखाली भाकर, शेजारी रसाचा प्याला. शांतवन पुढं पंचांच्या बाकावर बसला होता. भजनाचा एक शब्दही त्याच्या कानात गेला नाही. त्याचे डोळे कापडावर होते. पिवळी की पांढरी? पांढरी की पिवळी?

पाळकसाहेबांनी आशीर्वाद मागितला आणि कापड उचललं.

भाकर लाल होती.

पिवळी नाही, पांढरी नाही, कडेपासून कडेपर्यंत तांबडीलाल. कुणी म्हणतं कुंकवासारखी, कुणी म्हणतं ओल्या रक्तासारखी, आणि मधोमध जिथं भाकर फुगते तिथून वाफेबरोबर लाल थेंब निघत होते, असं म्हणतात. थेंबांचं सोडा. पण पाळकसाहेबांच्या हातून कापड खाली पडलं, एवढं खरं.

मग मागून वस्तीतली सगळ्यांत जुनी म्हातारी, रूथआजी, हिची किंकाळी उठली. "करनी! करनी केलीया प्रभूच्या भाकरीवर!"

एक शब्द पुरतो. पोरांना आयांनी पदराखाली घेतलं. ज्या बायकांच्या घरात शिबाक्कानं चुली जोडून दिल्या होत्या, त्याच म्हणू लागल्या, हिचं माहेर कुठं ठाऊक आहे? ही उंबऱ्यावर बसते, उंबऱ्यावर कोण बसतं? हळदीला खार लागला की काय होतं ते त्या बायकांना माहीत नव्हतं होय? रोज हळदीत हात घालणाऱ्या बायका! पण संशय पुढच्या दारानं आत आला की शहाणपण मागच्या दारानं जातं.

पाळकसाहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "अलीशिबाबाई, पुढं या. तुम्ही या पिठात काय मिसळलंत?"

शिबाक्का पुढं आली. "ज्यानं जे दिलं, ते मळलं."

"दुसरं काही नाही?"

"न्हाई साहेब."

"पाणी कुठलं?"

"याकोबाच्या इहिरीचं."

देवळात पुन्हा गलका झाला. पाळकसाहेब म्हणाले, "त्या विहिरीचं याकोबाशिवाय कुणी पीत नाही. तिथलं का घेतलंत?"

"त्याच्या घरात मूठ नव्हती साहेब. रिकामा हात गाडग्यात घालायची त्याला लाज वाटती. दर खेपेला मी आत बसून त्याची समजूत काढायची. ह्या खेपेला मी म्हनलं, तुझ्याकडं जे हाय ते दे. त्यानं पानी दिलं."

शिबाक्का आत जाऊन काय करत होती, ते शांतवनाला आता कळलं. पण ते धड मनात उतरायच्या आत सगळं देऊळ याकोबावर उलटलं.

"त्याच्याच इहिरीत हाय काहीतरी!" "पंच कवापासनं सांगतोय!" "आधी भावाचं पानी नासवलं, आता प्रभूची भाकर नासवली!" याकोब मागं भिंतीला टेकून उभा होता. दीनानं उललेले हात पदराखाली घेतले. कुणीतरी ओरडलं, "ह्याला वस्तीतनं काढा! आन् त्या बाईलाबी!" आणि मग, इतकी वर्षं ज्यासाठी शांतवन जळत होता ते शब्द रूथआजीच्या तोंडून आले. "शांतवना, लेकरा, तुझंच खरं हुतं रं. आमीच आंधळे."

सगळ्या मंडळीनं माना हलवल्या.

शांतवन बाकावर बसून होता. हेच हवं होतं ना? मिळालं. फक्त गप्प बसायचं. याकोब दोन दिवसांत बोचकी बांधून जाईल, बाई तवा डोक्यावर घेऊन आली तशी जाईल, विहीर, बांध, मान, सगळं त्याचं. त्यानं हात मांडीखाली घातले, कारण नखांच्या कडा अजून तांबड्या होत्या. बायकांच्या बाजूनं एकच माणूस मेजाकडं न बघता त्याच्याकडं बघत होतं. ती सगुणा होती.

हळद कुणाची ते त्याला माहीत होतं. पाण्यातला खार बारा महिने तिथंच होता. याकोबानं या वेळी तरी काही केलं नव्हतं. आणि त्या वेळी? त्या वेळी केलं होतं का? शांतवनानं मनात पहिल्यांदाच स्वतःला विचारलं, तुला दिसलं होतं का? नव्हतं दिसलं. जसं या सगळ्यांना आत्ता काही दिसलेलं नाही, तसंच. ही माणसं आत्ता जेवढ्या खात्रीनं ओरडत होती, तेवढ्याच खात्रीनं तो इतकी वर्षं बोलत आला होता. तरी तो उठला नाही. मान हातातून सोडणं सोपं नसतं.

पाळकसाहेब म्हणाले, "भाकर बाहेर नेऊन पुरून टाका. आज प्रभुभोजन होणार नाही. सगळ्यांनी घरी जावं."

तेव्हा शिबाक्कानं पुढं होऊन ती लाल भाकर उचलली, पदरात घेतली, देवळाच्या दारात गेली आणि उंबऱ्यावर बसली.

त्या देवळाला दार एकच.

आता काय सांगावं? कुणी म्हणतं, त्या दिवशी लिंबाची सावली हलली नाही, सूर्य माथ्यावरच थांबला. कुणी म्हणतं, एका तरण्या गड्यानं तिला ओलांडायला पाय उचलला तर पाय जमिनीतून सुटेना, जातं बांधल्यासारखा जड झाला. असं म्हणतात खरं. लाजेनंही पाय जड होतो, हे मात्र कुणी सांगत नाही. आत उकडू लागलं. पोरं रडू लागली. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, वाट द्या." शिबाक्का हलली नाही. मेजावरच्या प्याल्यावर माशा बसू लागल्या.

रूथआजी भेदरून म्हणाली, "आगं, आता कुनाच्या घरात अडलंय? हे तर देवाचं घर हाय!"

शिबाक्का म्हणाली, "तेच म्हनते मी."

मग पंचांच्या बाकावरून शांतवन उठला. कुणाकडं बघितलं नाही. चालत दारापाशी गेला आणि शिबाक्काच्या शेजारी उंबऱ्यावर बसला. पुरुषमाणूस, मंडळीचा पंच, उंबऱ्यावर. त्यानं दोन्ही हात सगळ्यांपुढं धरले.

"हळद मी टाकली," तो म्हणाला. "माझ्या घरची मूठ निम्मी हळदीची हुती. बाई चोर हाय का ते बघायला. प्रभूच्या भाकरीत मी खोटं घातलं. मनात मिटवलं म्हनलो, तेबी खोटं."

सगुणा रडायला लागली, ती मात्र सुटका झाल्यासारखी.

शांतवन मागं वळून म्हणाला, "याकोबा."

याकोब पुढं आला. किती वर्षांनी ते नाव त्या तोंडातून आलं होतं.

"एक विचारू? खरं सांग. इहिरीत तूच खार टाकला हुतास का?"

याकोबाचे डोळे भरले. "दादा, न्हाई म्हनलो, तर पटंल का तुला?"

इथं गोष्ट सांगणारे सगळे थांबतात. कारण पुरावा काही मिळाला नाही. आकाशवाणी झाली नाही, साक्षीदार आला नाही, आणि ती विहीर का खारावली ते बोरखडीत आजतागायत कुणाला ठाऊक नाही. शांतवनाला पटलं का? तेही कुणाला ठाऊक नाही. त्याच्यासारख्या माणसाला एका शब्दानं कधी पटतं का? आतला संशय गेला नव्हता, खुंट्याला बांधलेल्या बैलासारखा तो आत उभाच होता. आणि तरी तो म्हणाला, "मला तहान लागलीया. तुझ्या इहिरीचं पानी आन."

शिबाक्का एका अंगाला सरकली. एवढीच वाट तिनं दिली. याकोब पळत गेला, असं म्हणतात, आणि तांब्या भरून आला. शांतवनानं तांब्या तोंडाला लावला. पहिल्या घोटाला त्याचा चेहरा वाकडा झाला. पण थुंकला नाही. सगळा तांब्या पिऊन रिकामा केला.

"लई खारं हाय रं," तो म्हणाला.

"व्हय दादा. खारंच हाय."

"तुझी पोरं हेच पित्यात?"

"व्हय."

शांतवनानं तोंड धोतराच्या सोग्यात घातलं आणि हमसून रडला. याकोब त्याच्याजवळ बसला. उंबऱ्यावर तिघंजण बसले होते, शिबाक्का, पंच आणि त्याचा भाऊ, आणि भाकर तिच्या पदरात होती.

मग पाळकसाहेब स्वतः दारापाशी आले. मेजाकडं परत गेले नाहीत. तिथंच त्यांनी गुडघे टेकले, शिबाक्काच्या पदरातून भाकर घेतली आणि मोडली. ती लाल भाकर सगळ्यांनी खाल्ली. हळदीनं कडू होती आणि पाण्यानं खारट होती. रूथआजीनं दोन तुकडे मागितले. दुसऱ्या दिवशी शांतवनानं आपल्या वरच्या विहिरीपासून याकोबाच्या दारापर्यंत पाट काढायला घेतला.

पुढं खूप दिवस शांतवनाला एका गोष्टीचा विचार सुटेना. एवढं पिवळंधमक पीठ, शिबाक्काला मळताना दिसलं नसेल होय? दिसलं असेल, तर ती बोलली का नाही? आणि नेमकं त्याच दिवशी तिनं खारं पाणी का मागावं? शेवटी न राहवून त्यानं तिला विचारलंच. "आक्का, खरं सांग. तुला ठावं हुतं. जानूनबुजून केलंस तू."

शिबाक्का पोट धरून हसली, असं म्हणतात. म्हणाली, "भाऊ, आता ह्यो नवा संशय काढलास का?" यापलीकडं ती कधी काही बोलली नाही.

ती म्हातारी झाली तरी तिचं बसणं सुटलं नाही. एका शनिवारी ती अशीच एका घरच्या उंबऱ्यावर बसली. आत मायलेकींचा अबोला होता. फार वेळ लागला. दिवस कलताना मायलेकी बोलल्या, रडल्या, हसल्या, आणि लेक तांब्या घेऊन बाहेर आली. "आक्का, पानी घे." आक्का भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर गाडगं होतं. ती केव्हाच गेली होती. तिला देवळाच्या दाराला लागूनच पुरलं. दगडावर माहेर लिहायची जागा तशीच कोरी आहे.

आज बोरखडीला सडक आहे, देऊळ सिमेंटचं झालंय, नळाला पाणी येतं. पण प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी अजून माणसं एकमेकांच्या उंबऱ्यावर जाऊन बसतात. काही बोलत नाहीत. आतून तांब्याभर पाणी आलं की पितात आणि उठतात. कुणाचं पाणी लवकर येतं, कुणाचं यायला दिवस मावळतो. भाकर अजून त्याच तव्यावर होते, पीठ घरोघरची मूठ, पाणी त्या खाऱ्या विहिरीचं.

आणि पीठ मळायच्या वेळी परात देवळाच्या उंबऱ्यावर ठेवतात, शेजारी हळदीची वाटी ठेवतात. ज्याच्या मनात कुणाबद्दल संशय असेल, त्यानं सगळ्यांदेखत पुढं यायचं आणि चिमूटभर हळद परातीत सोडायची. कुणाबद्दल, कशाबद्दल, ते कुणी विचारत नाही. सगळ्यांत पहिली चिमूट शांतवनाच्या घराण्यातला माणूस टाकतो, तो त्यांचा मान आहे. मग बाकीचे उठतात. नवा पाळक पहिल्यांदा कापड उचलतो तेव्हा त्याचा हात थबकतो, आणि मंडळी गालातल्या गालात हसते.

शिबाक्काला जाऊन एवढी वर्षं झाली. बोरखडीची भाकर अजून एकदाही पांढरी निघालेली नाही. पण ती एकदाही उरलेली नाही.